तुझ्या बायकोच्या हातची सुई

९ जानेवारी

दादा,

नमस्कार-चमत्कार समजून घे. तू माझा फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून हे पत्र तुझ्या धरणाच्या साइटवर पाठवतेय. फाडायचं म्हटलं तरी तुला ते हातात घ्यावं लागेल, आणि हातात घेतलंस की चार ओळी तरी नजरेखालून जातील. एवढं मी तुला ओळखते.

आई आता बरी आहे. हे आधी लिहिलं, कारण पुढचं वाचताना तुझा जीव उगाच टांगणीला लागायला नको. काल मात्र बरी नव्हती.

काल मी सकाळच्या पाळीला होते. औषधांची फेरी चालू असताना तुझ्या बायकोचा फोन आला. "वन्सं, आई काहीतरीच करतायत. मला 'तू कोण' विचारतायत." मी म्हटलं, रडू नका, मी विचारते त्याची उत्तरं द्या. घाम आलाय का? अंग गार लागतंय का? हाक मारली की डोळे उघडतायत का? पाणी दिलं तर गिळतायत का? चारही उत्तरं 'हो' आली. मग मी सांगितलं, उठवून बसवा, साखरेचं पाणी करा, घोट घोट पाजा, घाई करू नका. वॉर्ड दुसऱ्या सिस्टरच्या हवाली करून मी धावत घरी गेले. मशीनवर बघितलं तर एवढं पाजूनही शुगर खालीच होती. थोडा वेळ गेला असता तर बेशुद्धच पडली असती बाई.

आता मुद्द्यावर येते. पेशंट अचानक बिघडला की आम्ही आधी पेशंट सावरतो, आणि तो सावरला की शोधतो, त्याला शेवटचा हात कुणाचा लागला. औषध कुणी दिलं, काय दिलं, किती दिलं. कुणावर राग म्हणून नाही, ती आमची कामाची पद्धत आहे. काल सकाळची इन्सुलिनची सुई तुझ्या बायकोने दिली होती. मी दुपारच्या पाळीला असते त्या दिवशी सकाळची सुई मी देते, आणि माझ्या दिवशी आईची शुगर कधीच खाली जात नाही. उलट चढलेलीच असते. त्यासाठी तर डॉक्टरांनी मागच्या महिन्यात डोस वाढवला.

मी काही म्हणत नाही. फक्त तुझ्या कानावर घालते. आईला माझ्याकडे राहू दे म्हटलं तेव्हा तू मला 'माझ्या घरात नाक खुपसू नकोस' म्हणून हाकललंस. बरं, नाही खुपसत. पण नाक आहे तोवर वास येणारच.

तुझी धाकटी


२७ जानेवारी

दादा,

आधीचं पत्र मिळालं असणार. उत्तराची वाट बघायला मी काही दुधखुळी नाही.

पुन्हा झालं. आणि या वेळी घरच्या घरी निभावलं नाही.

माझ्या वॉर्डात दम्याची एक बाई नुकतीच आली होती. एक वाक्य धड पुरं करता येत नव्हतं तिला, एकेका शब्दाला थांबत होती. ओरडणाऱ्या पेशंटची मला फारशी काळजी वाटत नाही. ओरडतोय म्हणजे श्वास चाललाय. हिच्यासारखी बोलता बोलता गप्प व्हायला लागली की मी हातातलं बाकीचं काम टाकते. तिला ताठ बसवलं, ऑक्सिजन लावला, वाफेचं औषध सुरू केलं, डॉक्टरांना हाक मारली. तेवढ्यात खालून निरोप आला, तुमच्या आईला कॅज्युअल्टीत आणलंय.

दादा, मी लगेच गेले नाही. त्या बाईच्या नखांचा रंग परत येईपर्यंत तिथून हलले नाही. तुला वाटेल, कसली ही मुलगी. पण आईजवळ खाली माणसं होती, आणि हिच्याजवळ त्या क्षणी मीच होते. मग जिना कसा उतरले, मला आठवत नाही.

खाली आईचं तोंड वाकडं झाल्यासारखं, बोलणं बोबडं, एक हात लुळा. कुणीही म्हणेल लकवा. पण कॅज्युअल्टीची सिस्टर पक्की आहे. असा पेशंट दिसला की आधी शुगर बघायची, मग बाकीचं. मी पोचेपर्यंत तिने बोट टोचून, शिरेतून ग्लुकोज सुरूही केलं होतं. सलाइन अर्धी व्हायच्या आत आईने डोळे उघडले आणि मला म्हणाली, "तू जेवलीस का?" मी तिथेच रडायला लागले. हसू नकोस.

आता ऐक, आणि शांतपणे ऐक.

एक. डॉक्टर म्हणाले, घरून निघताना काही गोड दिलं होतं का? तुझ्या बायकोने पर्समधून ग्लुकोजचा पुडा काढून दाखवला. पर्समध्ये! लिपस्टिक ठेवतात तिथे हिने ग्लुकोज ठेवलंय. म्हणजे आज शुगर उतरणार हे हिला आधीच माहीत होतं की काय?

दुसरं. शेजारच्या शिंपीणकाकू सांगत होत्या, ती सुई देताना खोलीचं दार आतून लावून घेते. मी कधी दार लावलेलं नाही. लपवण्यासारखं असतं काय त्यात?

तिसरं. वापरलेल्या सुया आम्ही एका जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकतो. ती बाटली मी उघडून बघितली. सुयांचा हिशेब बरोबर निघाला, एकही जास्त नाही. तुला वाटेल मला हायसं वाटलं. छे! मला वाटलं, म्हणजे ती दोनदा टोचत नाही, एकाच सुईत जास्त भरते.

आणि सगळ्यात वाईट ते शेवटी. आईला मी एकटीला गाठून विचारलं. ती कुजबुजली, "ती टोचते तेव्हा फार दुखतं गं. तुझ्या हातचं कळतसुद्धा नाही." सांग आता.

मागे एकदा तुझी बायको वॉर्डात आली होती, मला काहीतरी विचारायला. घुटमळत होती. मी कामात होते. म्हटलं, आधी डोस नीट भरायला शिका, मग प्रश्न विचारा. गप्प निघून गेली. मन साफ असलेलं माणूस असं गप्प जातं का? भांडलं असतं माझ्याशी.

तिला आईचं करायचा कंटाळा आला असेल, मी समजू शकते. दिवसरात्र म्हाताऱ्या माणसाबरोबर, नवरा दूर. पण कंटाळा आला तर सांगावं. असलं काही करू नये. तू हे तिला विचार. नवरा आहेस, तुझा हक्क आहे.

तुझी धाकटी


८ फेब्रुवारी

दादा,

तू तिला फोनवर काय बोललास ते मला माहीत नाही. मी तुला 'विचार' म्हटलं होतं, 'हाकल' म्हटलं नव्हतं. ही गोष्ट मी इथे स्पष्ट लिहून ठेवते, नाहीतर उद्या सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटायचं.

मी पोचले तेव्हा ती बॅग भरत होती. आईच्या गोळ्या कुठे, गाऊन कुठे, गरम पाण्याची पिशवी कुठे, सगळं नीट दाखवलं. आईच्या पाया पडली आणि तिच्या भावाकडे निघून गेली. आई दाराकडे बघत बसली. मला म्हणाली, "कुठे गेली? दळण आणायला?" मी म्हटलं, हो.

आता मी रजा टाकून आईपाशी राहतेय, तुझ्या घरात. खुपसलं बघ नाक शेवटी. तुझी उशी फार उंच आहे, मान आखडली माझी.

आणि ऐक. ती गेल्यापासून शुगर एकदाही खाली गेली नाही. एकदाही नाही! रोज सकाळी मी सुई देते, आई 'हं' सुद्धा करत नाही, आणि दिवसभर ठणठणीत. शुगर चढते जरा, ते खरं. चांगलीच चढते. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी डोस आणखी वाढवला. चढलेली शुगर हळूहळू खाली आणता येते, उतरलेली मात्र तासाभरात माणूस नेते. तेव्हा मी निश्चिंत आहे.

शिंपीणकाकू येऊन म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून कळलं हो, आमच्यासारख्यांना काय कळणार." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच बरं वाटलं.

एकच गोष्ट. आई माझ्या हातचं जेवत नाही धड. दोन घास खाते आणि विचारते, दळण अजून झालं नाही का.

धाकटी


१९ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र तू उभ्याने वाचू नकोस. कुठेतरी बस आणि मग वाच. आई आहे, जिवंत आहे, हॉस्पिटलमध्ये आहे आणि आज तिने चहा मागितला. एवढं वाचून झालं? मग पुढे.

परवा आईचं पोट दुखत होतं, गॅस असेल, म्हणून मी गरम पाण्याची पिशवी दिली. जरा जास्तच तापलेली होती. काढली तेव्हा बेंबीच्या बाजूला, जिथे मी रोज सुई देते तिथेच, कातडी भाजून फोड आला होता. एवढं भाजलं तरी आई काही बोलली नव्हती. मी मनात म्हटलं, वय झालं, सोसते बिचारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोडावर सुई कशी देणार? म्हणून मांडीत दिली. डोस तोच, मी स्वतः भरलेला, दोनदा उजेडात धरून बघितलेला. आई केवढ्याने ओरडली! म्हटलं, एवढं काय झालं? नाश्ता दिला, तिने तो नेहमीसारखा अर्धा टाकला. मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले.

खाली आले तर आई खुर्चीत तिरकी झालेली. घामाने गाऊन भिजलेला. हाक मारली, उत्तर नाही. खांदा हलवला, नाही. छातीवर जोरात चोळलं, नुसतं कण्हली. अशा माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नसतो, सगळं फुफ्फुसात जातं. तिला खाली घेतलं, कुशीवर वळवलं, हनुवटी वर केली. श्वास चालू होता. बोट टोचलं, तर मशीनने आकडाच दाखवला नाही, नुसतं 'खूप कमी' म्हणालं. शिंपीणकाकूंना ओरडून सांगितलं, अँब्युलन्स बोलवा. तुझ्या बायकोच्या भीतीने मी ग्लुकोजच्या बाटल्या आणि शिरेत घालायची सुई घरात आणून ठेवली होती. ती आता माझ्याच कामाला आली. आईच्या हाताची शीर सापडेना. दादा, हजारो शिरा शोधल्या असतील मी आजवर, आणि आईची सापडेना. तिसऱ्यांदा सापडली.

अँब्युलन्स येईपर्यंत मी जमिनीवर तिचा हात धरून बसले होते, आणि सवयीने माझं डोकं तेच करत होतं जे नेहमी करतं. शेवटचा हात कुणाचा? सुई कुणी दिली? डोस कुणी भरला? घरात कोण होतं?

संशय घ्यायला घरात मीच तेवढी उरले होते.

हॉस्पिटलमध्ये आई शुद्धीवर आल्यावर मी तिच्या फोडाचं ड्रेसिंग करायला घेतलं. बाजूची कातडी पुसताना हाताखाली काहीतरी टणक लागलं. दाबून बघितलं. चांगली मोठी गाठ होती, रबरासारखी. दुसऱ्या बाजूला काहीच नाही. मी म्हटलं, आई, हे केव्हापासून? ती म्हणाली, "तू सुई देतेस तिथे ना? बरेच दिवस झाले. म्हणून तर तुला सांगते तिथेच टोच, तिथे काही कळतच नाही."

तुला कळणार नाही म्हणून सविस्तर लिहिते. रोज एकाच जागी इन्सुलिन टोचलं की तिथे चरबीची गाठ धरते. तिथे दुखत नाही, म्हणून पेशंट तीच जागा मागतो. पण गाठीत औषध अडकून बसतं, रक्तात धड उतरत नाही. मग शुगर खाली येत नाही. मग डॉक्टर डोस वाढवतात. आणि तो वाढवलेला डोस कुणी चांगल्या, ताज्या जागी दिला की सगळाच्या सगळा एकदम लागू पडतो.

वॉर्डातून घरी जाणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी हे शिकवते. जागा बदला, आधी हाताने चाचपून बघा, गाठ लागली तर तिथे टोचू नका. तोंडपाठ आहे मला. वॉर्डात मी हात लावल्याशिवाय सुई देत नाही. आईचा मात्र घाईघाईत गाऊन वर केला, ती म्हणायची तिथेच टोचलं, की पळाले पुढच्या कामाला. आईला काय तपासायचं, ती आपली आई!

मी आईला विचारलं, वहिनी सुई कुठे द्यायच्या? आई म्हणाली, "मांडीत. कधी उजव्या, कधी डाव्या. दार लावून घ्यायची, मला लाज वाटते ना मांडी उघडी टाकायची. तिला सांगायचे मी, पोटातच दे, तर म्हणायची, नको आई, तिथे हाताला काहीतरी लागतंय, मला भीती वाटते. मी आपली ओरडायचे तिच्यावर."

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी डोस एकदम खाली आणला. मला वाटत होतं, बोलावं यांनी काहीतरी, पण ते पुढच्या पेशंटकडे गेले.

दादा, तुझी बायको सुई बरोबर देत होती. चूक माझी होती. हे मी फोनवर बोलू शकले नसते. तू तिला आज फोन कर. मी नंतर भेटते.

धाकटी


२ मार्च

दादा,

तू फोन केलास, तो वहिनींनी उचलला नाही. त्यांच्या भावाने सांगितलं मला. आता तुला कळलं असेल, फोन न उचलणारं माणूस पलीकडे असलं की काय होतं ते.

मी त्यांच्याकडे गेले होते. काय बोलायचं ते रस्ताभर पाठ करत गेले आणि दारात सगळं विसरले. म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं. आईच्या पोटात गाठ होती. तुम्ही बरोबर होतात." त्या शिवणाच्या मशीनवर बसल्या होत्या. पाय थांबला. पहिलं काय विचारलं सांगू? "आई बऱ्या आहेत ना?"

मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी तुम्हाला गाठीचंच विचारायला आले होते. तुम्ही नर्स, मला वाटलं, यांना माहीतच असेल, आपण कोण सांगणारे. मला काय कळतं, मी फक्त घाबरले होते." पर्समधल्या पुड्याचंही मीच काढलं. त्या म्हणाल्या, "पहिल्या वेळी घाईत साखरेचा डबाच हातातून सुटला, सगळी साखर सांडली. तेव्हापासून पुडा जवळ ठेवायला लागले. बाजारात जातानासुद्धा."

मी रडले. त्या रडल्या नाहीत. मी म्हटलं, मला वाटेल ते बोला, पण घरी चला. तेव्हा जे म्हणाल्या ते तुला शब्दाला शब्द लिहिते, कारण ते तुझ्यासाठी आहे.

"वन्सं, तुम्ही संशय घेतलात. बरं, तुम्ही रोज असलंच बघता, तुमचं ते कामच आहे. पण यांनी मला एकदा तरी विचारायचं ना? 'तू काय दिलंस' एवढं तरी? फोन उचलल्या उचलल्या म्हणाले, बॅग भर."

मला वाटलं होतं, तू विचारलं असशील. वाद झाला असेल, ती उलटून बोलली असेल, मग तू चिडला असशील. तू तिला काहीच विचारलं नाहीस, दादा? माझ्याशी तू दोन वर्षं बोलत नाहीस, माझ्या एका शब्दावर तुझा विश्वास नाही, आणि नेमका हाच शब्द खरा धरलास? आता रागावू तरी कुणावर? तुझ्यावर रागवायचं म्हटलं तरी पत्र मीच लिहिलं होतं.

आईला घरी आणल्यावर शेवटी त्या तिला भेटायला आल्या. काल सकाळी, मी बोलावल्यावर. आई त्यांना बघून एवढी हसली, मी तिला आजारपणात असं हसताना पाहिलेलं नाही. म्हणाली, "किती वेळ लावलास गं दळणाला!" वहिनी म्हणाल्या, "गिरणीवर गर्दी होती, आई." शेजारी बसून आईचे केस विंचरले, नखं कापली. मला वाटलं, चला, राहतील आता.

सुईची वेळ झाली. मी डोस भरला, आईची मांडी चाचपून बघितली, आणि सिरिंज वहिनींपुढे धरली. मला दाखवायचं होतं ना, की माझा विश्वास आहे. दुसरं कसं दाखवणार होते मी?

त्या उठून दोन पावलं मागे सरल्या. दोन्ही हात पाठीमागे नेले. एखादं पोर मार चुकवताना नेतं तसे. म्हणाल्या, "नको वन्सं. ही वस्तू पुन्हा माझ्या हातात देऊ नका. उद्या आईंना काही झालं तर."

मी म्हटलं, काही होणार नाही, मी इथे आहे.

"तुम्ही तेव्हाही होतात," त्या म्हणाल्या.

त्या बाहेर जाऊन थांबल्या. सुई मी दिली. आई ओरडली, "दुखतं गं, हळू!" आणि आईचं ते ओरडणं बाहेर नक्की ऐकू गेलं असणार. मी कापूस दाबून धरला आणि हाक मारली, "वहिनी, झालं, या आत."

बाहेर जाऊन बघितलं तर दार उघडं होतं आणि त्यांच्या चपला नव्हत्या.

आई विचारत होती, ती कुठे गेली. मी तिला काय सांगू, ते तू घरी येऊन मला सांग.

तुझी धाकटी